भिजत घोंगडं बागेत घाला : डाळिंब आणि द्राक्ष बागायतदारांना खुलं पत्र

प्रति,
माण, आटपाडी, सांगोला, जत, कवठेमहांकाळ आणि या साऱ्या कमी पावसाच्या पट्ट्यातले डाळिंब व द्राक्ष बागायतदार यांस,

रामराम.

गेल्या दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. तुमच्यातल्याच एकांनी लेंडीखतासाठी आमची मेंढरं तीन रात्री आपल्या रिकाम्या रानात बसवून घेतली. पुढच्या हंगामात त्या रानात डाळिंब लावायचं होतं. माणूस दिलदार. रात्रीचा ठरलेला दर रोख दिला, वर ज्वारीची पायली दिली, वाघरी, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लावायला स्वतःचा गडीही दिला. तिसऱ्या दिवशी भाऊबंद जमले होते, म्हणून तिथंच लिंबाखाली कातरणी उरकून घेतली. संध्याकाळपर्यंत कमरेएवढा ढीग झाला. काळी, करडी, कुसळं आणि गोखरू अडकलेली, शेपटाकडं लेंड्या चिकटलेली लोकर. मालक फेरी मारायला आले, ढिगाकडं बघून म्हणाले, "हे केस कधी उचलताय?"

आमच्याकडं उचलायला घोडंही नव्हतं आणि न्यायला जागाही नव्हती. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यातली जावळाची तेवढी, म्हणजे कोकरांची पहिल्या कातरणीची मऊ लोकर, एका पोत्यात भरली. बाकीचा ढीग दुसऱ्या दिवशी पेटवला. लोकर नीट जळतही नाही. जाळ काढला की विझते, गोळा होऊन काळी पडते आणि केस जळाल्याचा वास मैलभर जातो. त्याच आठवड्यात तेच मालक मी कामाला असतो त्या कृषी सेवा केंद्रात आले आणि नव्या खड्ड्यांसाठी निंबोळी पेंड, सुपर फॉस्फेट आणि कुठलंसं परदेशी 'ओलावा धरणारं' दाणेदार औषध घेऊन गेले. बिल मीच केलं. ते लिहिताना त्या वासाची आठवण झाली आणि हे पत्र लिहायचं तेव्हाच ठरलं.

मी मेंढपाळाचा मुलगा. आबा अजून मेंढरामागं असतात. मी दिवसा खताची पोती मोजतो आणि सकाळ-संध्याकाळ पाऊण एकर डाळिंब बघतो. त्यामुळं बांधाच्या दोन्ही बाजूंनी बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजतो. म्हणणं एवढंच आहे : मेंढीच्या पोटातून येतं ते तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या मोल देऊन घेत आलात. तिच्या पाठीवरचंही घ्या.

ही लोकर अशी रस्त्यावर का आली, ते तुम्हाला ठाऊक असेल, तरी दोन शब्द. आपली दख्खनी मेंढी लोकरीसाठी पैदा केलेली नाही. ती चालण्यासाठी, उपाशी राहून तगण्यासाठी आणि मटणासाठी आहे. वर्षाकाठी एका मेंढीची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास निघते. ज्या मेरिनो लोकरीचे सूट शिवतात तिचा तंतू 20 मायक्रॉनच्या आगेमागे असतो. आमच्या मेंढीचा त्याच्या दुपटीहून जाड, आणि त्यातले बरेचसे तंतू आतून पोकळ, केसासारखे. अंगाला टोचते. शिवाय काळी असल्यामुळं तिच्यावर रंग चढत नाही, म्हणून गालिचेवालेही नाक मुरडतात. पूर्वी ही सगळी लोकर घोंगडी विणणाऱ्या सणगरांच्या मागावर जायची. चिंचोक्याची खळ लावलेली, दोन पट्ट्या शिवून केलेली घोंगडी घरोघर असायची. मग पानिपतची चिंध्यांपासून केलेली स्वस्त ब्लँकेटं आली, ॲक्रिलिक आलं. (पानिपतात आपण एकदा 1761 साली हरलो ते सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्यांदा हरलो ते सणगरांखेरीज कुणाच्या ध्यानातच आलं नाही.) आता मटणाला भाव म्हणून माडग्याळ जातीचे नर कळपात येतात. त्यांच्या पिलांना लोकर आणखी कमी आणि आखूड. आज लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरी निघत नाही. तरी कातरावं लागतंच, नाहीतर पावसात अंगावरची लोकर भिजून गोळा होते, गोचीड-पिसवा धरतात आणि जनावर खंगतं.

घोंगडी वाचवा म्हणणारी पुष्कळ चांगली माणसं शहरातून येतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, पण त्यांना लागते ती जावळाची किंवा पाठीवरची स्वच्छ, लांब लोकर. पोटाखालची, पायाची, शेपटाची, गोखरू भरलेली लोकर त्यांनाही नको असते, आणि ढिगातला मोठा वाटा तिचाच असतो. हे पत्र त्या लोकरीबद्दल आहे.

आपल्या भाषेत रखडलेल्या कामाला 'भिजत घोंगडं' म्हणतात. सरकारी कचेऱ्यांनी या म्हणीला चांगले दिवस दाखवले. पण म्हण आली कुठून? ज्यानं भिजलेलं घोंगडं वाळत घातलंय त्याला विचारा. दोन दिवस ऊन दिलं तरी आतून ओलंच. लोकर हवेतली वाफसुद्धा स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत शोषून घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. तंतूंच्या मधे धरलेलं पाणी वेगळंच. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांच्या आवर्तनाची, म्हणजे पाण्याच्या पाळीची, वाट बघत, टँकरचे पैसे मोजत, दोन आवर्तनांमधे मुळाशी ओल कशी टिकेल याचीच काळजी वाहणाऱ्या माणसाला याहून चांगली गोष्ट कुठली सांगायची? जे वाळत नाही ते आपण जाळतोय.

दुसरी गोष्ट माझ्या दुकानातल्या भाषेत सांगतो. लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. तुमचे केस, बैलाची शिंगं, कोंबडीची पिसं, सगळं तेच. धुतलेल्या लोकरीत 16 टक्क्यांच्या आसपास नत्र (नायट्रोजन) असतं. मळ, माती, घाम धरून कच्च्या लोकरीत 10 टक्के धरायला हरकत नाही. शेणखतात अर्धा टक्का असतं, निंबोळी पेंडीत चार-पाच टक्के. शिवाय लोकरीत तीन-चार टक्के गंधक आहे. मेंढीच्या वाळलेल्या घामात पालाश असतं, आणि ते इतकं असतं की 19व्या शतकात फ्रान्समध्ये लोकर धुतलेल्या पाण्यातून पोटॅश काढायचे कारखाने चालले. युरियातलं नत्र पाण्याबरोबर वाहून जातं किंवा हवेत उडतं. लोकरीतलं नत्र गंधकाच्या गाठींनी बांधलेलं असतं. जिवाणू त्या गाठी सोडवतील तसं ते महिन्यामहिन्यानं सुटतं. वर्षभर, कधी त्याहून जास्त.

आता खरा हिशेब, कारण खत विकणाऱ्या माणसानं लोकरीची स्तुती केली की तुम्हाला संशय येणारच. साडेचार बाय तीन मीटरवर लावलेल्या डाळिंबाची एकरी 300 झाडं बसतात. झाडामागं अर्धा किलो लोकर घातली तर एकराला दीडशे किलो, म्हणजे 300 मेंढ्यांची वर्षाची लोकर. त्यातून नत्र मिळणार 15 किलो. युरियाची 45 किलोची एक गोणीसुद्धा नाही, तिच्यात जवळजवळ 21 किलो असतं. पूर्ण वाढलेल्या डाळिंबाला झाडामागं वर्षाला 625 ग्रॅम नत्राची शिफारस आहे. अर्धा किलो लोकर देणार 50 ग्रॅम, तेही सावकाश. तेव्हा लोकर घातली म्हणून खताचा डोस कमी करा असं मी म्हणत नाही, आणि कुणी म्हणालं तर त्याला दारात उभं करू नका. लोकरीचं मुख्य काम ओल धरणं आणि माती भुसभुशीत ठेवणं. नत्र हा वरचा रतीब.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी माझ्या बागेत हा उद्योग केला. दोन ओळी, चोवीस झाडं. आधी केलेल्या चुका सांगतो.

पहिल्यांदा लोकर आच्छादनासारखी वर पसरली, पाचट पसरतो तशी. वैशाखात वावटळ आली. माझी लोकर शेजाऱ्याच्या द्राक्षाच्या तारांवर, वेलींवर, शेडनेटवर जाऊन बसली. चार दिवस ते गृहस्थ माझ्याशी बोलले नाहीत आणि मला तारांवरून लोकर वेचावी लागली. राहिलेली रात्री कुत्र्यांनी ओढून नेली, कारण तिला मेंढराचा वास होता. मग शहाणा होऊन लोकर खड्ड्यात दाबली, पण कोरडी. कोरडी कच्ची लोकर तेलकट असते, सुरुवातीला पाणी झटकते. मेंढरू पावसात उभं राहून अंग झाडतं तसं. ड्रीपरचं पाणी तिच्या बाजूनं निघून गेलं, वरची माती ओली आणि मधला गोळा कोरडाच. हे महिन्याभरानं उकरल्यावर कळलं.

तिसऱ्या खेपेला आबांनी मार्ग दाखवला. म्हणाले, "घोंगडं विणायच्या आधी लोकर भिजवतात, पिंजतात. तू आपला पोत्यातून काढून कोंबतोस." मग दोनशे लिटरच्या ड्रममध्ये शेण-गोमूत्राच्या स्लरीत लोकर आठ दिवस भिजत घातली. वास येतो, खोटं कशाला बोलू. ती पिळून, हातानं विस्कटून, ड्रीपरखाली खोडापासून दीड हात लांब चर काढून घातली आणि वर चार बोटं माती ओढली. कुत्री आली नाहीत, वारं लागलं नाही. भर उन्हाळ्यात बाकीच्या ओळीत दुसऱ्या दिवशी माती हाताला कोरडी लागायची, या ओळीत तिसऱ्या-चौथ्या दिवशीही मूठ वळायची. वर्षानं एका झाडाखाली उकरून पाहिलं. लोकरीचे काळपट धागे उरले होते, आणि त्यांच्यामधून पांढऱ्या मुळ्यांचं जाळं गेलं होतं. गांडुळं होती. मी पाहिलं ते एवढंच. चोवीस झाडांवरून एकरी उत्पन्न सांगणारा माणूस दुकानात आला तर मी त्याला चहा पाजतो आणि वाटेला लावतो. तसाच मला तुम्ही लावाल, आणि बरोबर कराल.

जगात हे नवं नाही. इंग्लंडच्या यॉर्कशर भागात वेकफिल्ड आणि लीड्सच्या मधे रुबार्ब नावाच्या आंबट, लाल देठांच्या भाजीचा पट्टा आहे. हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये मेणबत्तीच्या उजेडात तिची तोडणी करतात. त्या मळ्यांना आजूबाजूच्या लोकरीच्या गिरण्यांतला टाकाऊ कचरा पिढ्यान्‌पिढ्या खत म्हणून गेला. त्या कचऱ्याला ते 'शॉडी' म्हणतात. पानिपतच्या ब्लँकेटांच्या धंद्यालाही हेच नाव आहे, आणि तो शब्द त्याच मुलखातून आलेला. त्या रुबार्बला 2010 साली युरोपात भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं. आपल्याकडं सोलापूरच्या डाळिंबाला आणि सांगलीच्या बेदाण्याला असं मानांकन आहे. म्हणजे नाव कमावलेला बागायतदार लोकर वापरतो म्हणून त्याची पत कमी होत नाही. आणि जळती लोकर फक्त आपल्याच रानात दिसते असंही नाही. 2020 मध्ये लोकरीचा भाव कातरणीच्या मजुरीखाली गेला तेव्हा ब्रिटनमधल्या मेंढपाळांनीही ढीग पेटवले. तिथल्या कंब्रिया भागात मात्र काहीजण डोंगरावरचं नेचं आणि लोकर एकत्र कुजवून कुंड्यांसाठी खत करून विकतात.

तुमच्या शंका मला ठाऊक आहेत, कारण त्या माझ्याही होत्या.

सगळ्यात मोठी शंका ताणाची. डाळिंबाला बहार धरायच्या आधी पाणी तोडावं लागतं. पानं पिवळी पडून गळायला हवीत, तेव्हा फूल येतं. आणि ही लोकर तर ओल सोडायलाच तयार नाही! शंका रास्त आहे. माझ्या त्या दोन ओळींत ताण बसायला आठवडाभर जास्त लागला. म्हणून माझा सल्ला असा की धरत्या बागेत हात घालू नका. नवी लागण आहे, पहिली दोन वर्षं बहार धरायचाच नाही, तिथं लोकर घाला. बहार धरायच्या वेळेपर्यंत तिचा बराच भाग कुजून गेलेला असतो. द्राक्षाला ही अडचण कमी आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते ते दोन-तीन महिने उन्हाचे आणि पाणीटंचाईचे, तेव्हाच ओलीची गरज असते. तिथं बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीच्या वरंब्यावर, पाचटाच्या खाली लोकर दाबली तर बरी.

मर रोगाची, म्हणजे झाड उभंच्या उभं वाळून जाण्याची, भीती दुसरी. भारी, काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत लोकर घालू नका. तिथं आधीच निचऱ्याचं दुखणं आहे. ही गोष्ट मुरमाड, हलक्या, पाणी गाळणाऱ्या रानाची आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या नशिबी तेच रान आहे. खोडाला चिकटवून तर मुळीच नको.

मग रोगराई. इथं मी जरा कडक बोलतो, आमच्याही लोकांना उद्देशून. मेलेल्या मेंढीची लोकर कुणी देऊ नये, कुणी घेऊ नये. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) बीजाणू लोकरीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. 19व्या शतकात इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमध्ये लोकर निवडणारे कामगार याच रोगानं मरत, रोगाला नावच 'लोकर निवडणाऱ्यांचा रोग' पडलं होतं. कळपाचं लसीकरण झालेलं असावं, लोकर विस्कटताना तोंडाला फडकं बांधावं, हातमोजे घालावेत. गोचिडाचं औषध मारल्या मारल्या कातरलेली लोकरही नको. बाकीच्या जंतूंसाठी उपाय म्हणजे कुजवणं. लोकर शेणाबरोबर आणि पाचटाबरोबर ढिगात कुजवली तर मध्यावर ढीग चांगला तापतो. युरोपात जनावरांचा असा कच्चा माल खतासाठी कुजवताना 12 मिलिमीटरपर्यंत बारीक करून तासभर 70 अंशांवर ठेवण्याची अट आहे. आपल्या ढिगाला कुणी थर्मामीटर लावत नाही, पण सब्बल खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढली आणि हातात धरवली नाही की समजावं. काळपुळीला मात्र ढिगाच्या उष्णतेचा भरवसा धरू नका, तिचे बीजाणू एवढ्यानं मरत नाहीत. तिथं कळप निरोगी असणं हाच बंदोबस्त.

या तापण्यानं तणाचं बीही मरतं. लोकरीतून गोखरू, कुसळी, गाजरगवत बागेत येईल ही भीती खोटी नाही. स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीकाठी गालाशील्स गावात लोकरीच्या गिरण्या होत्या. तिथं धुतलेल्या लोकरीतून पडलेल्या बियांमुळं नदीच्या वाळूत ऑस्ट्रेलियातली आणि दक्षिण अमेरिकेतली झाडं उगवली, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ती मोजायला यायचे. आपल्या मेंढरांच्या अंगावर कोकण ते माणदेश अशा सगळ्या वाटेचं गवत असतं. तेव्हा कच्ची लोकर थेट घालायची तर खोल घाला, नाहीतर कुजवून घाला.

ढिगाचं आणखी एक. उसाचं पाचट कुजायला वेळ लागतो, कारण त्यात नत्र फार कमी. म्हणून टनाला आठ किलो युरिया आणि दहा किलो सुपर फॉस्फेट टाकायची शिफारस आपण ऐकत आलो. लोकरीत नेमकं उलटं आहे, नत्र भरपूर आणि कर्ब त्या मानानं थोडा. दोघांची गाठ घातली तर दोघंही कुजतात. लोकर युरियाइतकी चटकन नत्र सोडत नाही, म्हणून पहिल्या वर्षी युरिया निम्मा ठेवून पाहावा. माण-आटपाडीत पाचट कमी, पण तुरकाट्या, बाजरीचं सरमड, बागेच्या छाटणीच्या काड्या असतातच.

बाकीच्या उपयोगांबद्दल थोडक्यात. पत्र्याच्या छताखाली लोकर भरली तर उन्हाळ्यात घर गार राहतं. काचेच्या लोकरीइतकीच (ग्लास वूल) ती उष्णता अडवते आणि आग लागली तर प्लास्टिकसारखी भडकत नाही. लोकर लाटून जेन, म्हणजे न विणलेलं जाड अंथरूण, करतात, त्याच्या जाड पट्ट्या करून कांद्याच्या चाळीला किंवा कोंबड्यांच्या शेडला लावता येतील. सांडलेलं तेल टिपायला लोकर उत्तम. हे सगळं खरं आहे, पण प्रत्येकाला लोकर धुवावी लागते, कसरीपासून जपावी लागते, कारखाना लागतो, गिऱ्हाईक शोधावं लागतं. ज्या मुलखात प्यायला पाणी टँकरनं येतं तिथं लोकर धुवायला पाणी कुठून आणायचं? बागेला मात्र लोकर मळकटच चालते. उलट मळासकट जास्त चांगली. म्हणून मी कारखानदारांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

आता व्यवहाराचं बोलू. मला बाजार नको, काटा नको, दलाल नको. मेंढ्या बसवण्याचा व्यवहार जसा तोंडी आणि विश्वासाचा आहे तसाच हाही असावा. माझं म्हणणं असं : तुमच्या रानात कळप बसवायच्या वेळी कातरणीही तिथंच होऊ द्या, कातरणाऱ्यांची मजुरी तुम्ही द्या, आणि जावळाची लोकर मेंढपाळाला ठेवून बाकीची तुम्ही घ्या. मेंढपाळाच्या खिशातून जाणारी मजुरी वाचते, ओझं वाहायचं वाचतं, लोकर जाळायची वेळ येत नाही. तुम्हाला त्याच दिवशी, त्याच रानात, वाहतुकीशिवाय माल मिळतो. लोकर हलकी पण फुगीर असते. तिच्या वाहतुकीतच सगळा नफा जातो, त्यामुळं जिथं कातरली तिथंच घातली तर उत्तम.

इतकी लोकर आली तर करायची काय, अशी भीती धरू नका. 2019 च्या पशुगणनेत राज्यात सुमारे 27 लाख मेंढ्या होत्या. कोकरं आणि बिनलोकरीची माडग्याळ वजा केली तर लोकर दहा-बारा लाख किलोच्या घरात धरू. एकरी दीडशे किलोनं ती सात-आठ हजार एकरांत संपते. आपल्या राज्यात डाळिंबच लाखाहून जास्त हेक्टरांवर आहे. तेव्हा ज्याला आपण उकिरडा समजतो तो माल मुळात कमीच आहे. ज्यानं आधी हात घातला त्याला मिळेल, मागाहून येणाऱ्याला मेंढपाळ भाव सांगेल. तसं झालं तर आबांना फार आनंद होईल.

तुमच्या संघांना एक विनंती. तुमच्या शब्दाला वजन आहे, आमच्या नाही. सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचं आहे, राजस्थानात अविकानगरला मेंढी आणि लोकरीचं केंद्र 1962 पासून आहे. या तिघांना एका बांधावर उभं करायचं काम तुमच्या संघाच्या एका पत्रानं होईल. प्रश्न साधे आहेत : कुठल्या जमिनीत, झाडामागं किती, ताणावर काय परिणाम, मर वाढते की नाही. दोन बहारांचा प्रयोग पुरे. आणि गावपातळीवर चारा कापायच्या कुट्टीसारखं, लोकर तोडणारं यंत्र सोसायटीत किंवा शेतकरी गटाकडं ठेवता आलं तर अर्धी कटकट संपेल. साध्या कुट्टीत लोकर पात्यांना गुंडाळते, मी ते करून एक मोटर जाळलेली आहे.

सरकारकडून माझी अपेक्षा एकच. मेंढीपालनाच्या महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि एक नर देताना कोकरांचा, मटणाचा विचार होतो, तो व्हायलाच हवा. त्याच कागदावर लोकरीसाठी एक रकाना असावा. आणि पुढंमागं कुणा बचतगटानं लोकरीच्या गोळ्या करून पोत्यात भरून विकायचं ठरवलं तर खत नियंत्रण आदेश, 1985 आडवा येणार, कारण त्याच्या यादीत नाव आणि मानकं असल्याशिवाय पोत्यावर 'खत' असं छापता येत नाही. ते मानक ठरवायला वर्षं लागतात, म्हणून सुरुवात आजच करावी. हे घोंगडं तरी भिजत ठेवू नये.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेला तुमच्यातले पुष्कळ जण जातात. फरांडेबाबांची भाकणूक ऐकतात, यंदा पाऊस कसा, पीक कसं. तिथं भंडाऱ्याबरोबर, खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. हीच लोकर, काळी, जाडी, टोचणारी. गेल्या खेपेला माझ्या शेजारी उभे असलेले एक बागायतदार ती वेचून कपाळाला लावत होते, घरी न्यायला रुमालात बांधत होते. मी त्यांना विचारणार होतो, पण गर्दीनं पुढं ढकललं.

यंदा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारा आमचा तळ, दिवाळी करूनच पश्चिमेला उतरेल. त्याआधी कातरणी आहे. ज्यांची नवी लागण आहे त्यांनी खड्डे उघडे ठेवावेत आणि दोनशे लिटरचे दोन-तीन ड्रम सावलीत मांडून ठेवावेत. पोती मात्र तुमचीच आणा, आमच्याकडची जावळाला पुरत नाहीत.

आपला,
बांधाच्या अलीकडचा आणि पलीकडचाही
माणदेशातला एक मेंढपाळाचा मुलगा